प्रशिक्षण फुकट, पण घर कोण चालवणार?

दहावीला अडकलेली किंवा कशीबशी पास झालेली आपली पोरं कौशल्य प्रशिक्षण अर्ध्यात सोडतात, की लगेच आळशी ठरतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये माझं आयुष्य चाललंय. हे बोलणं कानावर आलं की संताप होतो.

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबीकडच्या घरात अठरा वर्षांच्या पोरानं महिन्याला काहीतरी आणून द्यायचंच असतं. फुकट प्रशिक्षण म्हणजे त्या घराला तीन-चार महिने कमाई नाही, वर बसभाडं आणि दुपारचं खाणं. तेवढ्यात कुणीतरी गोव्यातल्या हॉटेलात चिकटवून देतो, राहण्या-जेवणाची सोय होते आणि पोरगं जातं. आपण त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं की.

आणि जी पोरं पूर्ण करतात त्यांचं काय? सर्टिफिकेट घेऊन आलेल्या एकाच्या हातात मी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं जबड्यांचं साधन, दिला आणि बुशचा (नळीसारख्या पोकळ भागाचा) बोअर, म्हणजे आतलं भोक, मोजायला सांगितला. त्यानं खालचे मोठे जबडे बाहेरून लावले. आतला व्यास वरच्या छोट्या जबड्यांनी घ्यायचा, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. अख्ख्या वर्गात एकच व्हर्नियर होता म्हणाला. शिकवणं कन्नडात, पोरगं मराठी शाळेतलं, विचारायला लाजलं. मग आमच्या टर्नरनं, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिरानं, मशीनपाशी उभं करून मराठीत समजावलं, रोज बुश हाताखालून जायला लागले आणि थोड्याच दिवसांत ते ०.०२ मिलिमीटरपर्यंत बिनचूक माप सांगायला लागलं. डोकं होतंच त्याला.

अप्रेंटिस म्हणजे कारखान्यात काम करत शिकणारा उमेदवार. त्याचा कायदा १९६१ चा आहे. २०१९ मध्ये नियम सुधारले तेव्हा किमान विद्यावेतन पाचवी ते नववी शिकलेल्याला ५,००० आणि दहावी पास झालेल्याला ६,००० रुपये ठरलं. पण अप्रेंटिस घेण्याची सक्ती ३० किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला. आमच्याकडची कितीतरी वर्कशॉप दहा-पंधरा माणसांची. हात जिथं खरा बसतो, तिथंच सक्ती नाही. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के, तेही जास्तीत जास्त १,५०० रुपये देतं. उरलेले लहान मालकानं कुठून घालायचे? ऑर्डर कमी झाली की पहिला घरी कोण जाणार, हे सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं आहे, लहान वर्कशॉपमधल्या पोराचं पूर्ण विद्यावेतन सरकारनं द्यावं, पहिल्या महिन्यापासून. वर्षभर त्याला दोन-तीन ठिकाणी फिरवा. एकीकडे टर्निंग, दुसरीकडे मिलिंग, मग फाउंड्रीत मोल्डिंग. पैसा नाही म्हणू नका. कर्नाटकची युवानिधी बेरोजगार पदवीधराला महिना ३,००० आणि डिप्लोमावाल्याला १,५०० रुपये देते. त्यांना मिळावेतच. पण दहावीतच शाळा सुटलेला त्यात बसत नाही, आणि सगळ्यात जास्त गरज त्याला आहे.

महाराष्ट्रालाही सांगायचंय. २०२४ मध्ये तिथं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीवाल्याला ६,००० आणि आयटीआयवाल्याला ८,००० रुपये. निपाणीचं पोरगं सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून कागलच्या एमआयडीसीत घाम गाळतं, पण अधिवास महाराष्ट्राचा नाही म्हणून योजनेबाहेर. २०२३ मध्ये आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केलीत ना? मग हीसुद्धा करा. आमच्या पोरांची आठवण फक्त भाषणापुरती नको.

मुलींचं तर कुणी बोलतच नाही. जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत त्यांना बस फुकट आहे, त्या शहरापर्यंत येऊ शकतात. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, जॉब लावायला आणि माप तपासायला ताकदीपेक्षा लक्ष लागतं. मालक मंडळी म्हणतात, लेडीज टॉयलेट नाही. मग बांधा की. एका मशीनच्या टूलिंगला, म्हणजे कापायच्या हत्यारांना, किती घालता ते मला माहीत आहे.

उद्यमबाग, मच्छे इथं ज्यांचं युनिट आहे त्यांनी यंदा एक तरी पोर किंवा पोरगी विद्यावेतनावर घ्या. सक्ती नसली तरी चार माणसांपासूनच्या वर्कशॉपला अप्रेंटिस ठेवता येतो. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करताना अडलात तर मेसेज टाका, सुट्टीदिवशी तुमच्या ऑफिसात बसून करून देतो.