‘सगळं फुकट आहे, तरी येत नाहीत’: एका फॉरवर्डला उत्तर

नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि शाळासोबत्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर बाळं-बाळंतिणी दगावतात त्या अंधश्रद्धेपायी. सरकार सगळं फुकट देतं, तरी बायका दवाखान्यात येत नाहीत. शिकल्या की प्रश्न सुटेल. तशाही त्या काटक, आज बाळंत झाल्या की उद्या शेतात. मग गरीब-श्रीमंतांतल्या तफावतीवर संशोधन कशाला? त्या पैशात एक मोठं हॉस्पिटल बांधा. शेवटी जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही, म्हणून पुढे न पाठवता उत्तर लिहितोय.

‘येत नाहीत.’ २००५–०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली जेमतेम ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९–२१च्या पाहणीत हा आकडा ८८.६ टक्क्यांवर गेला, महाराष्ट्रात ९४.७ वर. डोंगराळ पाड्यांवर तो याहून कमी असणार, मान्य. पण पंधरा वर्षांत एवढा फरक पडला, तो बायका आल्या म्हणूनच ना? आणि २०२२च्या डिसेंबरात सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी ‘आम्हाला गुजरातेत घाला’ अशी मागणी केली होती, ती आठवते का? रस्ते, पाणी आणि आरोग्यसेवा नाहीत, ही त्यांची तक्रार होती. ज्यांना दवाखाना नकोच असतो ते त्यासाठी राज्य बदलायला निघत नाहीत.

‘सगळं फुकट आहे.’ कागदावर आहेच. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, घरून नेणं आणि परत सोडणं, सगळं विनामूल्य आहे. योजना चांगलीच आहे. पण सोबत येणाऱ्या नवऱ्याची किंवा सासूची बुडालेली मजुरी तीत नाही. घरी राहिलेल्या दोन पोरांकडे कोण बघणार, तेही नाही. रात्री पाड्यापर्यंत गाडी चढत नसेल तर ती १०२ असो की १०८, काय उपयोग? २०२३च्या जुलैत इगतपुरी तालुक्यातल्या एका वाडीतली गरोदर बाई रस्ता नसल्यामुळे पायी निघाली आणि पुढे दगावली, ही बातमी आपल्याच पेपरांत आली होती.

माता का दगावतात याचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन या दोन संशोधक महिलांनी १९९४मध्ये तीन उशीर मांडले: जायचं ठरवायला लागणारा उशीर, पोचायला लागणारा उशीर आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागणारा उशीर. फॉरवर्डला यातला फक्त पहिला दिसतो. बाळंतपणानंतर रक्त वाहायला लागलं आणि उपचार मिळाले नाहीत, तर साधारण दोन तासांत बाई हातची जाऊ शकते. सुरगाणा ते नाशिक नव्वदेक किलोमीटर. मधल्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ किंवा रक्ताची पिशवी नसली की कागदावर ‘रेफर’ लिहून गाडी पुढे, आणि पुढच्या ठिकाणीही तेच होऊ शकतं. हा तिसरा उशीर. तो बाईच्या डोक्यात नसतो, रिकाम्या पदांत असतो.

यात एक खास नाशिकची गोष्ट आहे. द्राक्षवेलींच्या गोडी छाटणीपासून (फळासाठीची छाटणी) घड खुडून संपेपर्यंत पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मुक्कामाला असतात. गरोदर बाईची नोंद तिच्या गावच्या आशाताईंकडे आणि अंगणवाडीत. ती स्वतः पिंपळगावच्या मळ्यावर. इथल्या आशाताईंच्या यादीत तिचं नाव सहसा नसतं, आणि तिकडच्या ताई घरी जाऊन कुलूप बघून येतात. तपासणी चुकते, आहार चुकतो, लस चुकते. मग ‘या बायका येतच नाहीत’ असा शेरा मारायला आपण मोकळे, तोंडात त्यांनीच खुडलेली द्राक्षं.

‘अज्ञान आहे, शिकल्या की सुटेल.’ आधी भगताकडे जाणं आणि त्यात वेळ जाणं हे घडतं, नाकारत नाही. पण त्यावर काय लागू पडतं हेही तपासून झालंय. झारखंड-ओडिशात ‘एकजुट’ संस्थेने आदिवासी बायकांचे गट बांधले. गावातलीच एखादी बाई महिन्याला बैठक घ्यायची, बाळं का दगावतात यावर बायकाच बोलायच्या आणि उपायही त्याच ठरवायच्या. २०१०मध्ये निष्कर्ष आले: गट नसलेल्या भागांपेक्षा नवजात मृत्यू ३२ टक्के कमी. पुढे बारकाईने पाहिलं तर सर्वांत गरीब घरांतला फायदा सर्वांत मोठा होता. त्या बायकांना कुणी अडाणी म्हणून झापलं नव्हतं.

आणि शिक्षणाने सगळं सुटत असतं तर अमेरिकेत काय चाललंय? तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राच्या २०१९च्या अहवालानुसार, पदवीधर कृष्णवर्णीय बाईला गरोदरपण-बाळंतपणाशी संबंधित मृत्यूचा धोका पदवीधर गोऱ्या बाईच्या पाचपटीहून जास्त. शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षासुद्धा जास्त. टेनिसपटू सेरेना विल्यम्सला २०१७मध्ये बाळंतपणानंतर फुप्फुसात गुठळ्या झाल्या, तेव्हा तिला स्वतः सांगून स्कॅन करून घ्यावा लागला. औषधांमुळे ती गोंधळलीय असं नर्सला वाटलं होतं. पैसा होता, माहिती होती, हॉस्पिटलही होतं. समोरचा ऐकून घेतो की नाही, हा प्रश्न उरलाच.

‘काटक असतात.’ यावर फार बोलण्यासारखं नाही. २०१९–२१च्या पाहणीत देशातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता, आदिवासींमध्ये त्याहून जास्त. अंगात रक्तच कमी असेल तर थोडा रक्तस्रावही झेपत नाही. आणि दुसऱ्या दिवशी कामाला जाते ती मजुरी बुडते म्हणून, हौस म्हणून नव्हे.

‘संशोधन नको, मोठं हॉस्पिटल बांधा.’ मोठं हॉस्पिटल नाशिकला आहे. तरी २०१७च्या ऑगस्टमध्ये सिव्हिलच्या नवजात कक्षात ५५ बाळं दगावल्याची बातमी देशभर गाजली. बरीचशी बाळं मुदतीआधी जन्मलेली, गंभीर अवस्थेत उशिरा आणलेली होती, असं तेव्हा सांगण्यात आलं. याचा अर्थ गोष्ट सिव्हिलच्या दारात येण्याआधीच बिघडलेली होती.

आधी काय करायचं, ते गडचिरोलीत सापडलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं: बाळाचं वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, वेळ पडली तर इंजेक्शन देणं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११पासून देशभरच्या आशा बाळंतिणीच्या घरी सहा-सात भेटी देऊ लागल्या. तुमच्या कामवाल्या मावशींच्या सुनेकडे वजनकाटा घेऊन येणाऱ्या ताई संशोधनावरच्या या ‘उधळपट्टी’तूनच आल्या.

दवाखान्यातलंही तसंच. किती रक्त गेलं याचा नजरेने काढलेला अंदाज बहुधा कमीच निघतो. चार आफ्रिकी देशांतल्या ८० रुग्णालयांत बाळंतिणीखाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं आणि ठरलेले उपचार एकदम सुरू केले. अतिरक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं. वर्ष २०२३.

आणि कमी वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी ठेवलं, प्रकृती स्थिर होण्याची वाट न बघता, तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, असं भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाने २०२१मध्ये दाखवलं. त्यासाठी नवजात कक्षात बाळाजवळ आईची खाट लागते. मोठं हॉस्पिटल बांधायचंच असेल तर नकाशा काढणाऱ्याला एवढं जरूर फॉरवर्ड करा.