ओकाप्पिकीला हवालदार म्हणायचं नाही

वाद पेटला तो शोगुनांच्या काळातल्या एका जपानी चित्रकथेच्या अनुवादाच्या तिसऱ्या पानावर. “हवालदाराने कमरेची जित्ते उपसली,” (जित्ते म्हणजे पोलिसी लोखंडी दांडी) हे वाक्य बंड्याने मोठ्याने वाचलं आणि बापूंनी चहाचा ग्लास कठड्यावर ठेवला.

“हवालदार? कोण हा?”

“ओकाप्पिकी,” साहेब म्हणाले. त्यांनी पट्टीने आखलेला तक्ताच आणला होता. माची-बुग्यो म्हणजे पोलीस आयुक्त, योरिकी म्हणजे निरीक्षक, दोशिन म्हणजे फौजदार आणि तळाला हा हवालदार. “वाचकाला पटकन कळलं पाहिजे. पदाला पद लावलं, विषय संपला.”

“पद असेल तर लावाल ना!” बापू म्हणाले. “ओकाप्पिकी सरकारचा नोकरच नाही. दोशिन त्याला स्वतःच्या खिशातून चार पैसे देतो. ते पुरत नाहीत, म्हणून बायको खाणावळ नाहीतर न्हाणीघर चालवते, किंवा तो दुकानदारांकडून उकळतो. त्यातले कितीतरी आधी स्वतःच गुन्हेगार. शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, सरकारने अशांवर पुनःपुन्हा बंदी घातली आणि तुम्ही त्याला गणवेश चढवताय.”

“म्हणजे पंटर!” बंड्या म्हणाला.

“शाब्बास. पंटर लिहा.”

“छापील पानावर पंटर?” साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “भाषेला काही शिस्त?”

“शिस्तीचं तुम्ही बोलू नका,” अण्णा म्हणाले. “शोगुन म्हणजे पेशवे, सम्राट म्हणजे छत्रपती, हे कोणी लिहिलं होतं? अख्खा पावसाळा त्यात गेला.”

“क्योतो म्हणजे सातारा एवढंच म्हणालो होतो मी!”

तो विषय पुन्हा निघाला असता तर रात्र झाली असती. अण्णांनीच बुग्योकडे वळवलं. आयुक्त नको, तर कोतवाल का नको?

बापू थोडे थांबले. कोतवाल जवळचा शब्द आहे, हे त्यांना मान्य होतं. माची-बुग्यो नुसता पोलीस नव्हता. खटले तोच चालवी, उसनवारीचे दावे त्याच्याकडे, आगीचा बंदोबस्त त्याच्याकडे, आणि हे सगळं फक्त नागरी वस्तीपुरतं. देवळांच्या आवारात जिशा-बुग्योचा अंमल. हातामोतोंवर, म्हणजे शोगुनच्या थेट चाकरीतल्या सामुराईंवर, मेत्सुके या देखरेख अधिकाऱ्याची नजर. “पण कोतवाल म्हटलं की आपल्या वाचकाला घाशीराम दिसतो. काळही तोच, हीच पंचाईत. १७९१ मध्ये पुण्यात लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचलं, तेव्हा एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, हासेगावा हेइझो दरोडेखोर पकडत होता. बुग्योला बुग्योच राहू द्या.”

“हेइझो बुग्योच ना?” साहेबांनी तक्त्यात बोट घातलं.

“नाही! तो साकिते या लष्करी पथकाचा प्रमुख. जाळपोळ आणि दरोड्यांचा तपास हा त्याचा अतिरिक्त कार्यभार. १७८७ ते १७९५. कचेरीसुद्धा स्वतःच्या वाड्यात.”

‘अतिरिक्त कार्यभार’ ऐकल्यावर मात्र साहेबांनी तक्त्यात काहीतरी खोडलं.

मग बापूंनी चित्रं दाखवायला सुरुवात केली, आणि खरी मजा तिथे होती. पद ओळखायचं ते कपड्यावरून. हाकामा, म्हणजे घोळदार विजार, घातलेला, मागे भालेकरी, तो योरिकी. त्यांची गणतीही स्वारांच्या हिशेबाने व्हायची. हाकामा नाही आणि हाओरीचं, म्हणजे वरच्या अंगरख्याचं, टोक कमरपट्ट्यात खोचलेलं, तो गस्तीचा दोशिन. वर्षाला तांदळाची तीस पोती आणि दोन माणसांचा शिधा, एवढाच त्याचा सरकारी पगार. लाल गोंड्याची जित्ते त्याची. पंटरला मिळालीच तर कामापुरती, बिनगोंड्याची. तिसऱ्या पानावरच्या माणसाला गोंडा नव्हताच, म्हणजे चित्रकाराला माहीत होतं आणि अनुवादकाने बघितलं नव्हतं.

“पाचव्या पानावर योरिकी गस्तीच्या दोशिनला दटावतो, हे मात्र चित्रकथाकाराचंच चुकलंय,” बापू म्हणाले. “गस्तीच्या तिन्ही शाखांत फक्त दोशिन. वर थेट बुग्यो, मध्ये योरिकी नाही. ‘साहेब’ हे संबोधन ठेवा, ‘माझे वरिष्ठ’ काढा.”

“आणि ‘हा गुन्हा उत्तर विभागाचा’ हे?” बंड्याने विचारलं.

“सपशेल चूक. उत्तर आणि दक्षिण ही कचेऱ्यांची ठिकाणं, हद्दी नव्हेत. एक महिना एक कचेरी, पुढचा महिना दुसरी. पाळी नसेल तिचा दरवाजा बंद. नवी फिर्याद घ्यायची नाही, जुनी कामं उरकायची. ‘या महिन्याची पाळी उत्तरेची’ असं लिहा, प्रसंग नीट बसेल.”

हे वाक्य बंड्याने तिथल्या तिथे लिहून घेतलं. मूळ प्रसंगात फिर्यादी बंद दरवाज्यासमोर का रडतो, हे आम्हाला तेव्हा कुठे समजलं.

“दोन्ही कचेऱ्यांत मिळून योरिकी पन्नास,” बापू सांगत होते, “दोशिन सुरुवातीला दोनशे. रोजच्या ठरलेल्या फेरीला दर कचेरीचे सहा. शहर दहा लाखांच्या घरातलं. पंटर नसता तर काम चाललं असतं का? म्हणून त्याचं नाव बरोबर हवं.”

साहेबांनी तक्त्याची घडी घातली. “ठीक. पण फौजदार मी सोडणार नाही. दोशिन म्हणजे फौजदारच.”

“नक्की? मग आपल्यातला दोशिन कोण?”

“अर्थात मी.”

“झालं तर!” बंड्याने टपरीवाल्याला हाक मारली. “मामा, आमचे दोशिन आले आहेत. पंटरांच्या चार चहांचे पैसे त्यांच्या खिशातून.”

मामांनी हात पुढे केला. साहेब खिसा चाचपत राहिले आणि अण्णांना हसता हसता ठसका लागला.