इनॲप्रोप्रिएट म्हणजे नक्की काय केलं त्याने?

भाषांतराची कामं करते त्यामुळे इंग्रजी शब्दांशी रोजची झटापट असते, पण परवा एका संस्थेच्या चौकशीचा रिपोर्ट मराठीत करायला आला (कुठली संस्था विचारू नका, सांगणार नाही) आणि एकाच शब्दाने डोकं उठवलं. इनॲप्रोप्रिएट. पानापानावर इनॲप्रोप्रिएट. इनॲप्रोप्रिएट रिमार्क, इनॲप्रोप्रिएट मेसेज, इनॲप्रोप्रिएट फिजिकल कॉन्टॅक्ट, आणि शेवटाकडे एका ठिकाणी चक्क इनॲप्रोप्रिएट फूटवेअर. म्हणजे बाईच्या अंगाला हात लावणं आणि मीटिंगला चपला घालून येणं, दोन्हीला शब्द एकच!!

आता मी सगळीकडे ‘अनुचित’ टाकलं असतं तर काम संपलं असतं, बिल लागलं असतं. पण मराठीत वाक्य लिहायला बसलं की डोकं आपोआप विचारतं, अरे पण केलं काय त्याने? चावट बोलला? उद्धट बोलला? आगाऊपणा केला की अंगचटीला आला? आपल्याकडे या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे आणि शब्द निवडला की घटना दिसायला लागते. रिपोर्ट लिहिणाऱ्याला नेमकी तीच दाखवायची नव्हती असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि इंग्रजीत शब्द नाहीत असं थोडंच आहे? ढिगाने आहेत. साधा राँग घ्या, तो जुन्या नॉर्स भाषेतून आला, मूळ अर्थ वाकडं. राइट म्हणजे सरळ, राँग म्हणजे वाकडं, आपलं ‘वाकडं पाऊल’ म्हणतो ना, तसंच. राँग म्हटलं की कृतीवरच बोट ठेवलं जातं. ॲप्रोप्रिएटच्या मुळाशी मात्र लॅटिनमधला ‘स्वतःचं’ असा शब्द आहे, म्हणजे ज्याचं त्याला साजेसं, जिथल्या तिथे. म्हणून इनॲप्रोप्रिएट म्हणजे फक्त ‘इथे शोभत नाही’. कुणाला लागलं, कुणाचं नुकसान झालं, काही नाही. जणू दुसरीकडे केलं असतं तर चाललं असतं.

हा फरक अमेरिकेचा तेव्हाचा अध्यक्ष बिल क्लिंटन, त्याला बरोब्बर माहीत होता. १७ ऑगस्ट १९९८ ला टीव्हीवर येऊन त्याने व्हाइट हाउसमध्ये इंटर्न असलेल्या मोनिका लेविन्स्कीबरोबरच्या संबंधांची कबुली दिली तेव्हा आधी म्हणाला की ते संबंध ॲप्रोप्रिएट नव्हते, आणि लगेच पुढच्या वाक्यात, खरं तर ते राँग होतं. दोन वाक्यं, दोन पायऱ्या. पहिल्यावरच थांबला असता तर ती कबुली झालीच नसती, नुसता शिष्टाचार झाला असता. वकील माणूस शेवटी.

त्याच्या आधी रोनाल्ड रेगन या अध्यक्षाने १९८७ मध्ये, इराणला चोरून शस्त्रं विकल्याचं प्रकरण अंगाशी आल्यावर, वेगळीच युक्ती केली होती. मिस्टेक्स वेअर मेड. चुका झाल्या. कुणी केल्या? झाल्या बुवा. (यात मात्र आपण इंग्रजीला नावं ठेवू नयेत, ‘काच फुटली’ आणि ‘राहून गेलं’ म्हणण्यात आपला हात कोण धरणार!)

शब्द गुळगुळीत होतात हेही खरंय म्हणा. नॉटी बघा. नॉट म्हणजे शून्य, काही नाही, त्यावरून ज्याच्याकडे काही नाही तो, मग दुष्ट, नीच. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकात ग्लॉस्टर या म्हाताऱ्या सरदाराला बांधून त्याची दाढी उपटणाऱ्या रीगनला (ही लिअर राजाची मुलगी, वरच्या रेगनशी संबंध नाही) तो नॉटी लेडी म्हणतो, आणि थोड्याच वेळात त्याचे डोळे काढले जातात! आज हाच शब्द आपण पेन्सिल चावणाऱ्या पोराला लावतो नाहीतर डोळा मारणाऱ्या इमोजीला. इग्रीजसचं उलटं झालं, मूळ अर्थ कळपातून उठून दिसणारा, म्हणजे कौतुक. मग लोक टोमण्यात वापरत राहिले असावेत आणि आता त्याचा अर्थ फक्त भयंकर, निर्लज्ज. आपला ‘महाभाग’ असाच गेला की, आज कुणाला महाभाग म्हणून बघा, भांडण होईल.

मिसबिहेव्हियर आणि मिसकंडक्टमध्येही गंमत आहे. पोरं मिसबिहेव करतात, साहेब लोक मिसकंडक्ट करतात. निदान मिसकंडक्टच्या मागे बहुतेक वेळा लिहिलेले नियम असतात, संशोधनातलं मिसकंडक्ट म्हणजे खोटा डेटा रचणं, आहे तो फिरवणं, दुसऱ्याचं चोरणं, असं मोजून सांगता येतं. इनॲप्रोप्रिएटला तसलं काही नाही.

एक मैत्रीण म्हणाली, अगं पण आरोप सिद्ध व्हायच्या आधी असा सौम्य शब्द लागतोच, आणि जिच्यावर बेतलंय तिलाही कधीकधी सगळं उघड बोलायचं नसतं, तिला हा शब्द आडोसा वाटतो. मान्य. तिने घेतला तर मान्य, एकदम मान्य. पण या रिपोर्टात सगळं सिद्ध झालेलं होतं आणि आडोसा त्याला मिळत होता. आणि चार वर्षांच्या पोरांना शिकवताना आपण कसं बॅड टच म्हणतो? तिथे कुणाला इनॲप्रोप्रिएट सुचत नाही.

असो. मी प्रत्येक जागी शेरा टाकून विचारलं की इथे नेमकं काय घडलं ते कळवा, म्हणजे योग्य शब्द घालता येईल. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, सगळीकडे अनुचितच ठेवा. ठेवलं. फक्त त्या चपलांना तेवढं ‘न शोभणाऱ्या’ केलं, ते अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.