पेसमेकरची वायर 'टोकाला' बसवली म्हणजे हार्ट गेलंच का?

सध्या सगळ्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं असं, की पेसमेकरची वायर हार्टच्या टोकाला टाकली की पंपिंग हमखास उतरतं, डॉक्टर सोपं म्हणून तिथेच टाकून मोकळे होतात, लेफ्ट बंडलची (हार्टच्या स्वतःच्या वायरिंगच्या डाव्या फांदीला करंट द्यायची) नवी पद्धत १०० टक्के सेफ आहे न् बॅटरीपण जास्त टिकते, म्हणून जुनी वायर काढून नवीन बसवून घ्या. मी कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे, हा मेसेज वाचून घाबरलेले पेशंट रोज भेटतात, म्हणून लिहितोय.

"हमखास उतरतं". नाही हो. टोकाला, म्हणजे एपेक्सला पेसिंग केलं (मशीनने ठोका दिला) की करंट हार्टच्या स्वतःच्या वायरिंगमधून न जाता स्नायूतून हळूहळू पसरतो, आधी उजवी बाजू आकुंचन पावते मग डावी, आणि ईसीजीत क्यूआरएस (खालचे कप्पे आकुंचन पावतानाची लाट) रुंद होतो, इथपर्यंत बरोबर आहे. पण त्रास होणार की नाही हे बऱ्याच अंशी खालच्या कप्प्यात पेसिंग किती टक्के होतंय यावर ठरतं. मोस्ट या पेसमेकरवरच्या ट्रायलच्या २००३ च्या विश्लेषणात ४० टक्क्यांच्या वर पेसिंग असलेल्यांना हार्ट फेल्युअरसाठी अॅडमिट व्हायची वेळ जास्त आली होती. आता साइनस नोड (हार्टचा ठोका जिथून सुरू होतो ती जागा) आळशी झालाय म्हणून पेसमेकर बसवला आणि खाली पेसिंग जेमतेम २-३ टक्के, त्या काकांना वायर कुठे टोचलीय याने काय फरक पडणार? कम्प्लीट हार्ट ब्लॉकवाल्याचं (वरच्या कप्प्याचा करंट खाली पोचतच नाही अशाचं) पेसिंग जवळजवळ १०० टक्के असतं, तिथे प्रश्न खरा आहे, पण त्यांच्यातही सगळ्यांचं पंपिंग पडत नाही. फॉलोअपला मशीन चेक करतात तेव्हा हा आकडा स्क्रीनवर असतोच, विचारून घ्या, आणि जास्त असेल तर मधून मधून इको करा.

"सोपं म्हणून टाकतात". जुन्या लीडच्या (म्हणजे याच वायरच्या) तोंडाशी बारीक काटे असायचे, ते एपेक्सच्या जाळीत अडकले की लीड हलायची नाही, म्हणून तिथे. नंतर स्क्रूवाल्या लीड आल्या आणि उजव्या-डाव्या कप्प्यांच्या मधल्या पडद्यावर टाकायची टूम निघाली, पण २०१५ च्या प्रोटेक्ट-पेस ट्रायलमध्ये २ वर्षांनी एपेक्स आणि पडदा दोन्ही गटांच्या पंपिंगमध्ये फरक काही दिसला नाही.

"१०० टक्के सेफ". इथे मात्र मला रागच येतो. लेफ्ट बंडलला लीड पडद्याच्या वर नुसती टेकवत नाहीत, उजवीकडून स्क्रू फिरवत फिरवत पार डाव्या कडेपर्यंत नेतात. आम्ही बाहेर बसून ईसीजीच्या व्ही-वन पट्टीवर डोळा ठेवतो, सुरुवातीला डब्ल्यूसारखा दिसणारा आकार आत जाता जाता बदलतो आणि शेवटी उजवीकडे छोटं टोक उभं राहतं, तेव्हा कळतं पोचलो. अजून एखाद-दोन फेरे जास्त झाले की इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध) धाडकन खाली येतो, म्हणजे लीड आरपार डाव्या कप्प्यात. युरोपच्या मेलोस रजिस्ट्रीत (२०२२, अडीच हजारावर पेशंट) १०० मागे तीन-चार जणांचं असं झालं होतं. बहुतेकदा लगेच मागे घेऊन दुसरीकडे बसवतात आणि निभावतं, पण याला १०० टक्के सेफ म्हणत नाहीत. आणि त्याच रजिस्ट्रीत हार्ट फेल्युअरवाल्यांमध्ये साधारण पाचातल्या एकाला लीड हवी तिथे बसलीच नाही. बसली तर क्यूआरएस मस्त अरुंद येतो, ते कबूल.

"बॅटरी जास्त टिकते". नवी पद्धत म्हणजे नक्की कुठली? हिस बंडल (त्याच वायरिंगचं फांद्या फुटायच्या आधीचं खोड) पेसिंगपण त्यातलंच, २००० साली अमेरिकेत डॉ. देशमुख आणि त्यांच्या टीमने ते पेशंटमध्ये करून दाखवलं, इलेक्ट्रिकली सगळ्यात नैसर्गिक तेच, पण त्याला व्होल्टेज जास्त लागतं, पुढे वाढतही जातं आणि बॅटरी लवकर संपते. लेफ्ट बंडलला व्होल्टेज कमी लागतं, म्हणून तर लोक तिकडे वळले, पण साध्या एपेक्सलाही कमीच लागतं.

आता सगळ्यात डेंजर ओळ, "जुनी वायर काढा". वर्षानुवर्षं आत राहिलेली लीड शिरेला आणि हार्टला चिकटून बसते, ओढताना शीर फाटू शकते, म्हणून ते काम सर्जन तयार ठेवून करतात. इन्फेक्शन झालं तर काढावीच लागते. नुसतं पंपिंग पडलं असेल तर जुनी तशीच ठेवून बाजूने नवी लीड घालता येते, बऱ्याचदा बॅटरी बदलायच्या वेळीच. आणि पंपिंग नॉर्मल असेल, काही त्रास नसेल, तर जुन्या वायरला हातसुद्धा लावायचं कारण नाही.