सीक्वेन्शियल स्कॅन म्हणजे गुन्हा नव्हे

‘एक्सप्लेन चालवा, सीक्वेन्शियल स्कॅन दिसला की त्या कॉलमवर इंडेक्स लावा आणि कॉस्टचा आकडा खाली आणा, क्वेरी वेगवान होणारच,’ असा सल्ला पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांमध्ये सर्रास दिला जातो. (एक्सप्लेन म्हणजे क्वेरी कोणत्या मार्गाने चालेल याचा प्लॅन दाखवणारी आज्ञा, सीक्वेन्शियल स्कॅन म्हणजे सगळे टेबल सलग वाचणे, इंडेक्स म्हणजे ओळी चटकन शोधून देणारी सूची आणि कॉस्ट म्हणजे प्लॅनच्या खर्चाचा अंदाज.) हा सल्ला अधूनमधून लागू पडतो म्हणूनच टिकला आहे. पण त्यातले एकही विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

पहिले विधान स्कॅनचे. टेबलाचा मोठा हिस्सा हवा असेल, तर ते सलग वाचणेच स्वस्त पडते, कारण इंडेक्समार्गे जाताना ८ केबीची पाने (डेटा साठवण्याचे ठोकळे) विखुरलेल्या जागांवरून उचलावी लागतात आणि अशा पानाची किंमत प्लॅनर, म्हणजे क्वेरी चालवण्याचा मार्ग निवडणारा पोस्टग्रेसचा भाग, मुळातच सलग पानाच्या चौपट धरतो. डेटा एसएसडीवर असेल तर ही चौपट अवाजवी ठरते. विखुरलेल्या पानाची किंमत ठरवणारी रँडम पेज कॉस्ट ही सेटिंग ४ वरून १.१ च्या आसपास आणली की आधीपासून असलेलाच इंडेक्स अनेकदा वापरात येतो.

कॉस्टचा आकडा म्हणजे मिलिसेकंद नव्हेत. किती ओळी हाती लागतील याच्या अंदाजावर तो बेतलेला असतो, आणि खरी गफलत बहुधा तिथेच होते. महाराष्ट्रातील पत्त्यांचे दहा लाख ओळींचे टेबल घ्या आणि पत्ते ३६ जिल्ह्यांत व ३५८ तालुक्यांत सारखे विभागले आहेत असे समजा. ‘जिल्हा सातारा आणि तालुका कराड’ अशी अट घातली, तर प्लॅनर दोन्ही अटी परस्परांशी संबंध नसलेल्या मानून गुणाकार करतो आणि सुमारे ७८ ओळींचा अंदाज बांधतो. कराड साताऱ्यातच असल्यामुळे प्रत्यक्षात सुमारे २,८०० ओळी निघतात. या ओळी दुसऱ्या टेबलाशी जोडायच्या असतील, तर थोड्याच ओळी आहेत या समजुतीने निवडलेला नेस्टेड लूप (बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी आतला भाग एकदा चालवणारी पद्धत) मग आतला भाग २,८०० वेळा चालवतो. प्रत्यक्ष वेळ मोजणाऱ्या एक्सप्लेन अ‍ॅनालाइझमध्ये त्या भागासमोर ०.०५ मिलिसेकंद छापलेले पाहून पुष्कळ जण पुढे सरकतात. पण ती एका फेरीची सरासरी असते, लूप्सच्या संख्येने गुणल्यावर १४० मिलिसेकंद होतात. इथे उपाय नव्या इंडेक्सचा नाही, दोन कॉलमांमधले अवलंबित्व क्रिएट स्टॅटिस्टिक्स या आज्ञेने नोंदवून अ‍ॅनालाइझ (टेबलाची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवण्याचा आहे. ही सोय आवृत्ती १० पासून, म्हणजे २०१७ पासून उपलब्ध आहे.

‘इंडेक्स लावून पाहायला काय जाते?’ हा युक्तिवादही फसवा आहे. प्रत्येक इन्सर्टला त्या इंडेक्समध्येही लिहावे लागते, आणि वारंवार बदलणाऱ्या कॉलमवर इंडेक्स लावला तर त्या बदलांपुरती हॉट अपडेटची, म्हणजे ओळ बदलताना इंडेक्सला हात न लावण्याची सवलतही जाते.

अंदाज आणि प्रत्यक्ष ओळी शेजारी-शेजारी पाहण्यासाठी नुसते एक्सप्लेन पुरत नाही, एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ लागते. ते क्वेरी खरोखर चालवते, त्यामुळे डिलीटचा प्लॅन तपासायचा असेल तर आधी बिगिन (व्यवहार सुरू करणारी आज्ञा) आणि नंतर रोलबॅक (त्यातले बदल रद्द करणारी आज्ञा) लिहायला विसरू नये.