गाळातून वीज, पण कुठल्या गाळातून?

नवी मुंबईतल्या एसटीपींच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांच्या) गाळापासून वीज करून केंद्रं स्वतःच्या विजेवर चालवता येतील, असं लेखात म्हटलंय. कल्पना चांगलीच आहे, पण एक मुद्दा सुटलाय. आपल्याकडे नेरूळ, वाशी, ऐरोलीची केंद्रं एसबीआर पद्धतीची, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने हवा मारायची नि गाळ खाली बसू द्यायचा. त्यात पहिली निवळ टाकी (हवा मारण्याआधी गाळ खाली बसवणारी) सहसा नसते आणि वीज करायला लागणारा गॅस जास्त देतो तो नेमका त्या टाकीतला ताजा गाळ. इथे हवा मारून मारून जिवाणूंनी बरंच खाऊन टाकलेलं असतं. उरलेल्यातून डायजेस्टरने (गाळ कुजवून गॅस काढणाऱ्या हवाबंद टाकीने) काढायचं तरी किती?

'गाळ सरळ जाळा' म्हणणाऱ्यांनी एकदा सेंट्रीफ्यूजमधून (गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रातून) पडणारा गाळ बघावा. दिसतो घट्ट, काळ्या मळलेल्या मातीसारखा, पण टनामागे जवळपास ८०० किलो पाणीच! ते उडवण्यातच ऊर्जा जाते. पावसाळ्यात उन्हात वाळवायचं तर बोलूच नका.

त्यापेक्षा तुर्भ्याच्या एपीएमसी घाऊक बाजारातला टाकाऊ भाजीपाला नि हॉटेलांचं उष्टं या गाळात मिसळा. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या केंद्राने बाहेरचा सेंद्रिय कचरा घेऊनच २०१२च्या सुमारास गरजेपेक्षा जास्त वीज केली. मात्र कचरा वेगळा केलेला हवा, प्लास्टिकच्या पिशव्यांनी पंप तुंबले की संपलं. आणि गॅस इंजिनात सोडण्याआधी त्यातला हायड्रोजन सल्फाइड वायू काढावाच लागतो, नाहीतर इंजिन गंजतं. हा खर्च लेखातल्या हिशोबात धरलाय का? लेखकांनी तेवढं सांगावं.