पूर ओसरला, आता झाडं लावू म्हणे

टपरीवर चहा घेताना व्यंकूचं म्हणणं असं की सीना नदीच्या दोन्ही काठांनी झाडंच झाडं लावायची, कंपन्यांच्या सीएसआरमधनं, म्हंजे समाजकामाच्या निधीतनं, पैसा काढायचा, कॉलेजची पोरं न्यायची, एका रविवारात हजार खड्डे. मल्ल्या चहाचा ग्लास ठेवून म्हणाला, "तू आधी माझ्या रानात माती आणून टाक बे, मग काढ फोटो."

मल्ल्याचं रान सोलापूरच्या मोहोळ तालुक्यात, नदीला लागून. सप्टेंबर 2025 चा पूर, लांबोटीला पुणे हायवे बंद पडला होता तो, त्यात ह्याची काळी माती गेली आणि खाली नुसता मुरूम उघडा पडला, विहीर गाळानं भरली. सरकारनं खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि वर मनरेगातनं 3 लाखांपर्यंत देऊ असं तेव्हा जाहीर केलं होतं, त्यावर तो काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग सिद्धू सुरू झाला. तो भूगोल शिकवतो, त्यामुळं गप्प बसणं त्याला जमतच नाही. अमेरिकेतला सेंट हेलेन्स ज्वालामुखी 18 मे 1980 ला फुटला, डोंगराचा वरचा 400 मीटर तुकडाच उडाला, 57 माणसं गेली. पुढं 1982 मध्ये तिथल्या संसदेनं जवळजवळ 1 लाख 10 हजार एकर जागा राखून ठेवली की इथं निसर्गालाच त्याचं काम करू द्यायचं. राखेच्या त्या उजाड माळावर आधी तग धरला ल्युपिननं, म्हणजे आपल्या ताग-हरभऱ्याच्या कुळातलं झाड, हवेतला नायट्रोजन मुळाशी बांधणारं. गोफर नावाचे उंदरासारखे प्राणी बिळात होते म्हणून वाचले, त्यांनी उकरून उकरून खालची जुनी माती राखेवर आणली. आणि फुटला तेव्हा काही ठिकाणी बर्फ होता, त्याखाली दबलेली रोपं पण जगली.

"म्हंजे काय, मी बिळातनं उंदीर यायची वाट बघू? तिथल्या डोंगरावर सोसायटीचं कर्ज होतं का बे?" मल्ल्या.

इथं मला मल्ल्याचं पटतं. एक सेंटीमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं जातात, आणि रान म्हंजे काय राखीव डोंगर नव्हे, तिथं माती बाहेरनंच आणावी लागणार. धरण-तलावातला गाळ टाकायचा, पण आधी बांध, नाहीतर पुढच्या पावसात तोही सीनेत. त्यावर शेणखत, मग पहिल्या वर्षी ताग नाहीतर धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडायचा, म्हंजे ल्युपिनचंच काम, फक्त आपण घाई करतोय. नुसत्या गाळावर लगेच ऊस लावणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही.

व्यंकू म्हणाला, बरं, रान सोडा, काठाला तर झाडं चालतील? अस्लमनं लगेच नान्नजचं माळढोक अभयारण्य काढलं. माळढोकाच्या माळावर ग्लिरिसिडिया, म्हंजे बाहेरनं आलेलं झाड, लावला होता, दिसायला हिरवं, पण त्या पक्ष्याला उघडा गवताळ माळ लागतो, जमिनीवर अंडी घालतो तो. सेंट हेलेन्सशेजारी पण लाकूड कंपनीनं स्वतःच्या जमिनीवर रोपं लावली, जंगल उगवलं की झपाट्यानं, पण बहुतेक डग्लस फर आणि सगळी एकाच वयाची. हिरवं झालं म्हंजे बरं झालं असं नसतंय.

सिद्धूचं "सोडून द्या" पण मला अर्धंच पटलं. काठ मोकळा सोडला की लव्हाळा, वाळुंज, करंज येतील हे खरं, पण त्याआधी वेडी बाभूळ घुसते, आणि एकदा घुसली की जेसीबीला पण ऐकत नाही. म्हणून पहिली काही वर्षं ती उपटत राहायची, गुरं आवरायची, वाळू उपसा थांबवायचा (हे वाक्य म्हणताना अस्लम इतका हसला की चहा सांडला).

पण मूळ भांडण ह्यातलं कुठलंच नव्हतं, ते शेवटी निघालं. काठ सोडायचा म्हंजे कुणाचा? कारण सगळ्यांचा ऊस पाण्याला टेकलाय. व्यंकू म्हणाला वीस फूट सोड की. मल्ल्या म्हणाला, "मी सोडतो, पण शेजारचा सोडंल का? त्यानं तर पूर गेल्यावर मोजणीचा अर्ज टाकलाय, नदीकडं सरकायला." त्यावर पैसे कुणी द्यायचे ह्यावरनं टपरीवाल्यासमोर दुसरंच भांडण लागलं.